उरणारे काळीज



आपल्या बेळगावच्या मंडळीत गेल्या वर्षी दोन घरांत यकृताच्या कर्करोगाचे निदान झाले. काकांच्या यकृतातली गाठ 9 सेंटीमीटरची होती. त्यांचे ऑपरेशन झाले, पण डॉक्टरांनी ते जवळजवळ दोन महिने लांबवले. मावशींची गाठ अवघी अडीच सेंटीमीटरची, आणि त्यांना मात्र ऑपरेशन करता येणार नाही असे सांगितले. (दोघांना विचारूनच लिहितो आहे. नावे घातलेली नाहीत, जरी मंडळीत ओळखायला कोणाला वेळ लागणार नाही.) बुधवारच्या प्रार्थनासभेनंतर, लग्नाच्या पंगतीत, अगदी कबरस्तानाच्या फाटकाशीसुद्धा मला हेच विचारले जाते: मोठी गाठ काढली, मग छोटी का नाही? एका भगिनीने दबक्या आवाजात याहून अवघड प्रश्न विचारला. देवाने एकाचे ऐकले आणि दुसरीचे नाही, असे का?

मी डॉक्टर नाही. रुग्णभेटीच्या सेवेत असल्यामुळे दोघांच्या फायली हातात धरून मी रांगेत उभा राहिलो आणि डॉक्टरांसमोरच्या तिसऱ्या खुर्चीत बसून ऐकले. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्रे काढून जे समजावले, ते आपल्या सगळ्यांना कळायला हवे असे वाटते. कारण पुढच्या वेळी ही रांग कोणाच्या घरची असेल हे सांगता येत नाही.

आधी शब्दाविषयी थोडेसे. 'काळीज' म्हणजे खरे तर यकृतच. मटणवाल्याकडे कलेजी मागितली की तो बरोबर यकृत कापून देतो, पण 'काळीज तुटलं' म्हणताना आपला हात छातीवर जातो. इब्री भाषेत यकृताचा शब्द आणि 'जड' हा शब्द एकाच मुळाचे आहेत, आणि देवाच्या गौरवासाठी वापरलेला शब्दही त्याच मुळातून आला आहे. मोठ्या माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलोचे, पोटातला सर्वांत जड अवयव. यहेज्केलाच्या 21व्या अध्यायात बाबेलचा राजा दोन वाटांच्या फाट्यावर उभा राहतो आणि कोणत्या नगरावर चाल करायची हे ठरवायला पशूचे काळीज पाहतो. यकृताच्या कर्करोगाचा सर्जनही अशाच फाट्यावर उभा असतो आणि काळीजच पाहतो. मात्र तो शकुन पाहत नाही. तो मोजमाप घेतो.

काकांच्या पहिल्या भेटीत थोरल्या मुलाने स्कॅनची फिल्म पुढे केली आणि विचारले, "डॉक्टर, पूर्ण निघेल ना?" डॉक्टर म्हणाले, "काढायचं काय ते मला दिसतंय. मला आधी उरणार काय ते बघू द्या."

सगळा विषय या एका वाक्यात आहे. यकृताचा कर्करोग बहुतेक वेळा धडधाकट यकृतात उगवत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, मधुमेहाबरोबर येणारी यकृतातली चरबी यांपैकी कशाने तरी यकृत आधीच वर्षानुवर्षे सुजलेले असते, त्यात व्रण पडलेले असतात आणि पुष्कळदा ते आक्रसून कडक झालेले असते. त्याला सिरॉसिस म्हणतात. म्हणजे एकाच घरात दोन आजार. गाठ काढली की पहिला गेला, पण दुसरा तिथेच राहतो, आणि माणसाला जगायचे असते ते त्या दुसऱ्याच्या भरवशावर. रक्त गोठवणारी द्रव्ये यकृत बनवते, रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारे अल्ब्युमिन यकृत बनवते, पित्त गाळते, आतड्यातून येणारे विष मेंदूपर्यंत जाऊ देत नाही. उरलेला तुकडा हे करू शकला नाही, तर ऑपरेशन उत्तम होऊनही रुग्ण आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. मूत्रपिंड निकामी झाले तर डायलिसिसवर वर्षे काढता येतात. यकृताचे काम तसे वर्षानुवर्षे करून देणारे यंत्र अजून नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो आपल्या घराघरांत आहे. रक्ताचा 'लिव्हर फंक्शन' रिपोर्ट हाती आला की आपण एसजीओटी आणि एसजीपीटी पाहतो आणि आकडे कमी असले की प्रभूचे आभार मानतो. आभार जरूर मानावेत. पण हे आकडे यकृताची ताकद दाखवत नाहीत. यकृताच्या पेशींना इजा होत असली की ही द्रव्ये रक्तात सांडतात, एवढेच ते सांगतात. सिरॉसिस पुढे गेलेल्या माणसात हे आकडे चक्क नॉर्मल असू शकतात. ताकद पाहायची तर बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर पाहावा लागतो.

या तिघांत आणखी दोन गोष्टी मिळवून डॉक्टर एक हिशेब मांडतात: पोटात पाणी आहे का, आणि यकृताच्या बिघाडामुळे भान हरपणे, हात थरथरणे असे काही होते का. या हिशेबाला चाइल्ड-प्यू म्हणतात. चाइल्ड आणि टर्कॉट या अमेरिकन सर्जनांनी 1964 साली तो मांडला आणि 1973 साली लंडनच्या प्यू यांनी सुधारला. मुळात त्यात रुग्णाचे पोषण कसे आहे हाही एक मुद्दा होता. प्यू यांनी तो काढून रक्त गोठण्याची चाचणी घातली. माझ्या मते आपल्या घरच्यांनी तो जुना मुद्दा विसरू नये, कारण मावशींचे गळलेले दंड आम्हाला रिपोर्टच्या आधी दिसत होते. पाचही गोष्टींना 1 ते 3 गुण. शाळेच्या उलट, इथे कमी गुण चांगले. 5 किंवा 6 म्हणजे 'ए', 7 ते 9 'बी', 10 ते 15 'सी'.

काकांचे बिलिरुबिन 0.8, अल्ब्युमिन 3.9, आयएनआर 1.1, पोटात पाणी नाही, भान लख्ख. एकूण 5. मावशींचे बिलिरुबिन 2.4, अल्ब्युमिन 2.9, सोनोग्राफीत थोडे पाणी. आयएनआर 1.5 होता, त्याचा एकच गुण. भान अगदी शाबूत, पत्त्यांत अजून मला हरवतात. एकूण 8.

मावशींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. आतड्यातून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर असते, पोर्टल व्हेन. यकृत कडक झाले की त्या शिरेत दाब वाढतो, पावसाळ्यात तुंबलेल्या गटारासारखा, आणि रक्त आडवाटा शोधते. प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. मावशींच्या प्लेटलेट 62,000 होत्या आणि एंडोस्कोपीत फुगलेल्या शिरा दिसल्या. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि मावशींकडेच पाहून सांगितले, "तुमची गाठ लहान आहे, मला ती काढता येईल. पण कापल्यानंतर तुमचं लिव्हर तुम्हाला सांभाळणार नाही." मावशींनी पदर सारखा केला आणि विचारले, "मग दुसरं काय करायचं ते सांगा."

काकांच्या बाबतीत रक्ताचे आकडे चांगले होते. तिथे प्रश्न मापाचा होता. गाठ उजव्या बाजूला आणि मोठी, त्यामुळे यकृताचा सगळा उजवा भाग काढणे भाग होते. साधारणपणे यकृताचा साठ-पासष्ट टक्के भाग उजवीकडेच असतो. सीटी स्कॅनवरून संगणकावर डाव्या भागाचे घनफळ मोजले, ते 31 टक्के भरले. निरोगी यकृत असेल तर 20 टक्के उरले तरी माणूस निभावतो. केमोथेरपीने दमलेल्या यकृताला 30 टक्के लागतात. सिरॉसिस असेल तर 40. काकांना हिपॅटायटिस बी अनेक वर्षांपासून असणार, आणि फायब्रोस्कॅनमध्ये यकृत कडक झालेले दिसत होते. 31 वर डॉक्टर सुरी धरायला तयार नव्हते.

मग त्यांनी जे सुचवले ते ऐकून घरचे चक्रावले. यकृताच्या उजव्या भागाकडे जाणारी पोर्टल शिरेची फांदी आतून बंद करायची. त्वचेतून सुई घालून, स्कॅनवर पाहत. तिकडचे रक्त डावीकडे वळते, आणि यकृताला वाटते की आता आपल्यालाच सगळे पेलायचे आहे, म्हणून डावा भाग वाढू लागतो. पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन असे याचे नाव. 1980च्या दशकात जपानी सर्जनांनी ही पद्धत रुळवली. त्यानंतर चार ते सहा आठवडे थांबायचे आणि पुन्हा मोजायचे. दरम्यान हिपॅटायटिस बीच्या गोळ्याही सुरू करायच्या.

ते आठवडे त्या घराला फार जड गेले. कर्करोग पोटात आहे आणि आपण एका अवयवाच्या वाढीची वाट पाहतो आहोत, हे कोणाला समजावणार? धाकटा मुलगा दुसऱ्या शहरात दुसरे डॉक्टर शोधू लागला. बाहेरून आलेल्या एका प्रार्थना करणाऱ्या भावाने बैठकीत सांगितले की या तपासण्या, ही मोजमापे म्हणजे अविश्वास आहे, विश्वासाने पाऊल उचला, उद्याच ऑपरेशन करून घ्या. काकू रडल्या. काका काही बोलले नाहीत.

त्या रात्री पाळकसाहेबांनी लूकचा 14वा अध्याय काढला. या अध्यायाची मला तेव्हापासून ओढ लागली आहे. त्याच्या सुरुवातीला एका परूश्याच्या घरी येशूच्या समोर जलोदर झालेला मनुष्य उभा आहे, म्हणजे अंगात पाणी साठलेला, आणि प्रभू त्याला शब्बाथ दिवशी बरे करतो. त्याच अध्यायाच्या शेवटाकडे प्रभू बुरूज बांधणाऱ्याची गोष्ट सांगतो: आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अर्धे राहील आणि लोक हसतील. त्याच्या पुढे राजाची गोष्ट, आपल्या दहा हजारांनी समोरच्या वीस हजारांना तोंड देता येईल का याचा विचार करणाऱ्या राजाची. रोग्याला हात लावून बरे करणारा आणि आधी बसून हिशेब करा म्हणणारा एकच आहे. प्रभूने ही उदाहरणे शिष्यपणाच्या किमतीविषयी दिली, ऑपरेशनविषयी नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी हिशेब करणाऱ्याला त्याने अविश्वासू म्हटलेले नाही, एवढे तर त्यात आहेच. आपल्या आजोबांच्या पिढीत मोठे ऑपरेशन म्हटले की मिरज. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे सुरू केलेल्या मिशन रुग्णालयात आपल्या कितीतरी घरांतली माणसे जाऊन आली. देवाचे नाव घेणे आणि नाडी मोजणे यांत भांडण आहे असे त्या पिढीला कधी वाटले नाही. आपल्याला अलीकडे का वाटू लागले, हा प्रश्न मला पडतो.

पाच आठवड्यांनी पुन्हा स्कॅन झाला. डावा भाग 41 टक्के.

त्यानंतर आणखी एक चाचणी केली. ती मला सगळ्यांत आवडली, म्हणून थोडे सांगतो. इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग शिरेतून देतात. हा रंग शरीरात दुसरे कोणी उचलत नाही, फक्त यकृत तो रक्तातून काढून पित्तात टाकते. पंधरा मिनिटांनी रक्तात किती टक्के शिल्लक आहे ते मोजायचे. यकृत चलाख असेल तर 10 टक्क्यांहून कमी उरतो. टोकियोचे सर्जन मासातोशी माकूउची यांनी पोटातले पाणी, बिलिरुबिन आणि हा आकडा घेऊन नियम बसवले. 10 टक्क्यांच्या आत असेल तर उजवा भाग काढण्याइतके मोठे ऑपरेशन पेलते. आकडा जसा वाढेल तसा कापायचा तुकडा लहान होत जातो, आणि 40 किंवा त्याहून जास्त असेल तर फार तर वरवरची गाठ सोलून काढायची. सगळीकडे ही चाचणी होत नाही, आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी सीटीवरचे माप आणि रक्ताचे आकडे यांवरच निर्णय घेतात. काकांचा आकडा 8 आला. ऑपरेशनची तारीख त्याच दिवशी मिळाली.

ऑपरेशन सात तास चालले. पण खरी धाकधूक पाचव्या दिवसाची होती. त्या दिवशीचे बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची चाचणी पाहून उरलेले यकृत चालते आहे की नाही याचा बराच अंदाज येतो. बिलिरुबिन तिसऱ्या दिवशी चढले होते, पाचव्या दिवशी उतरायला लागले. काकू आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बायबल मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी ते उघडले नाही, नुसता हात ठेवला होता.

आता मावशी. त्यांच्याविषयी जे बोलले गेले ते लिहिणे मला आवश्यक वाटते. यकृताचा कर्करोग म्हटल्यावर लोकांनी लगेच बाटली शोधली. मावशींचे यजमान घेत असत, म्हणून त्याही घेत असणार, असे काही जण म्हणाले. त्यांनी आयुष्यात प्रभुभोजनाच्या प्याल्याखेरीज काही घेतलेले नाही. त्यांना बावीस वर्षे मधुमेह आहे, आणि यकृतात साठलेली चरबी हळूहळू सिरॉसिसपर्यंत गेली. दारूने यकृत जाते हे खरेच, आणि आपल्या मंडळीत त्याविषयी अधिक मोकळेपणाने बोलायला हवे. पण आजारी माणसाच्या उशाशी बसून पापाचा शोध घेऊ नये. योहानाच्या 9व्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्यांनी हेच केले होते, पाप त्याचे की आईबापांचे, आणि येशूने ती वाट तिथेच बंद केली.

डॉक्टरांनी मावशींना यकृत प्रत्यारोपणाविषयीही सांगितले. गाठ एकच आणि 5 सेंटीमीटरच्या आत असली तर प्रत्यारोपणाने कर्करोग आणि सिरॉसिस दोन्ही एकदम जातात. 1996 साली मिलान शहरातल्या डॉक्टरांनी घालून दिलेली ही मर्यादा आजही वापरली जाते. पण मावशी 72 वर्षांच्या आहेत आणि त्यांचे हृदयही कमजोर आहे, ते झेपले नसते. म्हणून आधी औषधांनी पोटातले पाणी आवरले, अन्ननलिकेतल्या शिरा बांधल्या, आणि मग सोनोग्राफीवर पाहत बारीक सुई थेट गाठीत घालून ती उष्णतेने जाळली. यकृताचा बाकीचा भाग जवळजवळ जसाच्या तसा राहिला. दोन दिवसांत घरी आल्या. तेव्हा त्या भगिनीच्या प्रश्नाला मी इतकेच म्हणेन, की मावशींना 'नाही' म्हटले ते फक्त सुरीला. ते 'नाही' कोणी आधी मोजमाप करून म्हटले नसते, तर त्या आज आपल्यात नसत्या. सिरॉसिस मात्र आहे तसाच आहे, आणि त्यांना हे ठाऊक आहे.

काकांच्या सीटीच्या रिपोर्टात एक शब्द वारंवार येतो, 'रेम्नंट', उरणारा भाग. पाळकसाहेबांनी तो वाचला आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिले, कारण इंग्रजी बायबलमध्ये संदेष्ट्यांच्या 'अवशेषा'साठी हाच शब्द आहे. दोन राजे चालून येत आहेत म्हणून आहाज राजा भ्यालेला असतो, तेव्हा देव यशयाला त्याच्या भेटीला पाठवतो आणि सांगतो, मुलालाही बरोबर ने. मुलाचे नाव शआर-याशूब. अवशेष परत येईल, असा त्याचा अर्थ. यशया तोंड उघडण्याआधी राजाला ते लेकरू दिसले असेल. त्या नावात धाक आहे, की उरणार ते थोडेच. आणि आशाही आहे, की ते थोडे परत उभे राहील. काकांच्या सहा महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये उरलेला भाग वाढून जवळजवळ पूर्ण यकृताएवढा झालेला दिसला. आकार जुना नाही, उजवीकडे वाढण्याऐवजी तो मधोमध गोल फुगला आहे. पाळकसाहेबांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावे: चाइल्ड-प्यू किती, पोर्टल शिरेत दाब आहे का, आणि मोठे ऑपरेशन ठरत असेल तर उरणारा भाग किती टक्के. जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत. हिपॅटायटिस बी निघाला तर घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावे, ज्यांना नाही त्यांनी लस घ्यावी. काकांच्या घरी सगळ्यांचे झाले आहे. नवजात बाळाला ही लस जन्मानंतर 24 तासांच्या आत मिळायला हवी, हे आपल्या तरुण आईबापांना आज्या-मावश्यांनी सांगावे.

प्रार्थनेसाठी: काकांना बीच्या गोळ्या चालू ठेवायच्या आहेत आणि दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. त्यांच्या धाकट्या मुलासाठी प्रार्थना करावी, तो अजून रात्री नीट झोपत नाही. मावशींचा पुढचा स्कॅन येत्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. पहाटेच्या गाडीने निघावे लागेल, आणि फाइल धरायला व त्यांच्याशी पत्ते खेळायला माझ्याबरोबर आणखी एक जण हवा आहे. जमेल त्यांनी रविवारी उपासनेनंतर मला भेटावे.